मल्लूचा गुडघा

"काकू, जरा हळू," मल्लू म्हणाला आणि त्यानं डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं.

दुपारची वेळ होती. हे शाळेत, विशू कॉलेजात. स्वयंपाकघरात पाटावर बसून मल्लूनं उजवा पाय माझ्यापुढं लांब केला होता. गुडघा सुजून टरारला होता. मी एका हातानं मांडी घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं नडगी माझ्याकडं ओढली. ती आली. यायला नको होती तेवढी पुढं आली.

माझे वडील मुरगूडकडचे हाडवैद्य. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून पैलवानांचे खांदे बसवताना पाय धरायला, पट्ट्या गुंडाळायला मीच असायची. असा गुडघा त्यांनी मला दोनदा दाखवला होता. नडगी अशी सरकली की आतली दोरी तुटली समजायचं, सूज लेपानं उतरेल पण दोरी काही सांधायची नाही, असं त्यांनी सांगितलं होतं.

"कुठं झालं हे?" मी विचारलं.

निपाणीकडं एका गावात स्पर्धा होती. दिवाळीच्या आधी चार दिवस. तिथं तो दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं खेळला होता. उडी मारून खाली आला आणि गुडघ्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं.

मी सांगितलं, सहा महिने मैदानात पाय ठेवायचा नाही आणि मोठ्या डॉक्टरला दाखवायचं. त्यानं डोळे उघडले.

"मास्तरांस्नी सांगू नका, काकू. दुसऱ्या नावानं खेळलो हे कळलं तर ते माझं तोंड बघायचे नाहीत."

मी हो म्हणाले. त्या दिवशी हो म्हणताना माझ्या मनात काही नव्हतं. पोरगं कळवळत होतं आणि मी त्याला शब्द दिला, एवढंच.

मल्लू म्हणजे मल्लिकार्जुन हत्तरगी, गडहिंग्लजचा. आमचे हे शाळेत ड्रिलमास्तर, आणि शिलेदार तालमीच्या फुटबॉल टीमचे पंधरा वर्षं कोच. सगळं कोल्हापूर त्यांना इंगवले मास्तर म्हणून ओळखायचं. शालेय स्पर्धेत त्यांनी सतरा वर्षांच्या मल्लूला पाहिलं आणि पुढच्याच आठवड्यात एसटीनं जाऊन त्याच्या आईबापाच्या पाया पडून त्याला घेऊन आले. झोपायला तालमीतली खोली, आणि दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडं. अशी चार वर्षं झाली होती.

कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमीची फुटबॉल टीम असते, आणि हंगाम सुरू झाला की माणसं नातीगोती विसरतात. मल्लू आल्यापासून आमच्या पेठेची मान वर झाली होती. रस्त्यानं चालला की दुकानदार उठून उभे राहायचे. पाठीमागून आलेला बॉल तो न बघता छातीवर घ्यायचा, असं लोक सांगत. मी कधी मैदानावर गेले नव्हते. मी बघायची ते माझ्या घरात.

रविवारी मटण असायचं. पातेल्यातली नळी हे स्वतः शोधून काढायचे आणि मल्लूच्या ताटात ठेवायचे. शेजारच्या पाटावर विशू बसलेला असायचा. आमचा एकुलता एक विश्वजित, मल्लूच्याच वयाचा, त्याच टीममध्ये. ह्यांचा हात त्याच्या ताटावरून पुढं जायचा. मुद्दाम नव्हे, त्यांच्या ध्यानातच यायचं नाही. मी मग मोठा तुकडा शोधून विशूला वाढायची, आणि तो म्हणायचा, "बास की आई."

विशू लहानपणापासून पुढं खेळायचा. गोल मारायचा. शाळेत असताना त्याचं नाव पेपरात आलं होतं, ते कात्रण माझ्या ट्रंकेत होतं. मल्लू आला आणि ह्यांनी विशूला मागं नेलं. बॅक म्हणून. पुढं दोघांना जागा नाही म्हणाले. दुसऱ्या वर्षी मागं एक चांगला बॅक मिळाला आणि विशू बाकावर बसला. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "टीममध्ये बाप-लेक नसतं, शालन." मग मल्लूला ताप आला तेव्हा रजा टाकून उशाशी कोण बसलं होतं? ते मी विचारलं नाही.

जेवण झाल्यावर हे आणि मल्लू ताटावर मिठाचे खडे मांडून खेळ समजावून घ्यायचे. हा तू, हा त्यांचा बॅक, आता इकडनं सूट. मल्लू काहीतरी बोलायचा आणि हे मांडीवर थाप मारून हसायचे. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. तसं हसणं मी माझ्या कुठल्या बोलण्यावर ऐकलं नव्हतं, विशूच्या तर नाहीच. मी आत भांडी घासत असायची आणि भांड्यांचा आवाज जरा जास्तच व्हायचा.

बरं, त्याचा धड रागही करता यायचा नाही. जेवला की तो आपलं ताट घासून पालथं घालायचा. विशूनं जन्मात कधी ताट उचललं नाही. माझ्या हातचा खर्डा तो नाव घेऊन मागायचा. आणि हे सगळं तो इतक्या सहज करायचा की मला अजून चीड यायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, "मास्तरांचा मल्लू." विशूला कुणी मास्तरांचा विशू म्हणायचं नाही.

खुद्द विशूला याचं काही नव्हतं. तो मल्लूच्या सायकलवर पुढं बसून सरावाला जायचा. एकदा मी फार बोलले तर म्हणाला, "मल्लू आहे म्हणून आपण जिंकतो, आई." त्याच्या वाटणीचंही मीच जळत होते.

आदल्या हंगामात, एप्रिलमध्ये, सेमीफायनलला मल्लूनं लाइनमनला ढकलून पाडलं. लाल कार्ड. दहा जणांची टीम हरली. मल्लूवर चार मॅचची बंदी आली. तो प्यायचाही. एका वरातीत बुरूज तालमीच्या पोरांशी मारामारी केली होती, आणि गंमत अशी की त्याच बुरूज तालमीला आता तो हवा होता. नोव्हेंबरअखेर खेळाडूंची नोंदणी असते. शिलेदारनं ना हरकत पत्र दिलं तर बुरूज त्याला घ्यायला तयार होतं, आणि बदल्यात त्यांचा गोलकीपर आणि एक बॅक सोडायला तयार होतं.

त्यावरून पेठेत दोन तट पडले. चहाच्या गाड्यावर तेच, देवळासमोर तेच. शेवटी एका रविवारी सकाळी तालमीचे चार जाणते आमच्या सोप्यात जमले. सेक्रेटरी अण्णा खराडे, आणि बाकीचे जुने खेळाडू. मी आतून चहा देत होते, सगळं ऐकू येत होतं.

अण्णा म्हणाले, पोरगं हिऱ्यासारखं आहे पण हातात धरता येत नाही. त्याचं बघून बाकीची पोरं बिघडतात. बापू मिठारी म्हातारे, ते म्हणाले की वीस गोल मारणारा पोरगा दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि मग त्याच्याचसमोर उभं राहायचं, हा कुठला शहाणपणा. वाद बराच वेळ चालला. मग अण्णांनी खरं दुखणं काढलं.

"ते सगळं सोडा. दिवाळीपासून महिना झाला, पोरगं सरावाला येत नाही. विचारलं तर उडवून लावतंय. पिऊन पडत असणार. मास्तर, हे तरी तुम्ही कसं झाकणार?"

ह्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. महिनाभर मल्लू दर एक दिवसाआड दुपारी माझ्यासमोर पाटावर बसत होता. मी लेप लावत होते, पट्टी बांधत होते. तो पीत नव्हता. चालता येत नव्हतं म्हणून सरावाला जात नव्हता. सूज उतरली होती, पण नडगी अजून तशीच सरकत होती.

हे उठून आत आले. मोरीजवळ उभे राहून तांब्याभर पाणी प्यायले. मग माझ्याकडं वळले. फुटबॉलमधलं त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं.

"तो तुझ्याजवळ बोलतो. काय झालंय त्याला? दुपारचा येतो म्हणे इथं. काही सांगण्यासारखं असलं तर सांग. मी सगळ्यांच्या विरुद्ध जाईन, पण मला काहीतरी हातात पाहिजे."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. विशूला टायफॉइड झाला तेव्हा मी ते पाणी शोधलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

"जेवायला येतो," मी म्हणाले.

"बास?"

"बास. सोडा त्याला."

मग मी बोलले, इतक्या वर्षांचं बोलले. म्हणाले, स्वतःचा पोरगा बाकावर बसून बसून म्हातारा होईल तेव्हा तुम्हाला दिसणार आहे का? पेपरात नाव आलं होतं त्याचं. तुम्ही त्याला पुढून मागं नेलंत, मागून बाहेर नेलंत, आणि कुणासाठी? भर मॅचमध्ये लाइनमनला पाडणाऱ्यासाठी. एकदा तरी आपल्या रक्ताचं बघा.

बाहेरच्यांना ऐकू गेलं असणार, कारण सोप्यात एकदम शांतता झाली. हे बाहेर गेले. थोड्या वेळानं मी डोकावले तर ते पत्रावर सही करत होते.

पुढच्या दोन दिवसांत मल्लू निरोप घ्यायला आला. हातात ते पत्र होतं. ह्यांना भेटला नाही, वेळ बघून दुपारीच आला. मला वाटलं होतं रागावला असेल. तो नेहमीच्या जागी बसला आणि म्हणाला, "गुडघ्याचं तुम्ही सांगितलं नाही. उपकार झाले. सांगितलं असतं तर बुरूजवाल्यांनीही हात लावला नसता. लंगड्याला कोण घेणार?"

मी म्हणाले, एप्रिलपर्यंत खेळू नको. तो हसला.

"ते ऐकून घेतील होय, काकू? त्यांना पहिल्या मॅचपासून गोल पाहिजेत. बंदीच्या चार मॅच मिळतायत, तेवढाच आराम."

मी त्याला लेपाची पुडी दिली, पट्टी कशी आवळायची ते दाखवलं. तो जेवला, नेहमीसारखं ताट घासून पालथं घातलं, माझ्या पाया पडला आणि गेला. त्या रविवारी मटणाचं पातेलं तीन माणसांसाठी केलं. ह्यांनी नळी बाहेर काढली, जरा वेळ पळीत तशीच धरली आणि परत पातेल्यात सोडली.

पण विशू पुढं खेळायला लागला. डिसेंबरात दोन मॅच झाल्या, त्यानं तीन गोल मारले. पोरं त्याला घरापर्यंत खांद्यावर घेऊन आली. मी त्याला दारात ओवाळलं. शेजारीण म्हणाली, "मास्तरांचं रक्त आहे शेवटी." हे म्हणाले, दुसरा गोल चांगला होता. एवढं पुरे होतं मला. मी तेव्हा ठरवलं की जानेवारीअखेरची बुरूजविरुद्धची मॅच आपण बघायला जायचं. तोवर मल्लूची बंदी संपणार होती. तो खेळणार होता. समोरासमोर कोण मोठं ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन गेले. स्टेडियम भरून वाहत होतं. टीम मैदानात आल्या तेव्हा मी विशूला पुढं शोधलं. तो पुढं नव्हता. मागं उभा होता, आपल्या गोलच्या तोंडाशी. मल्लूच्या चाली विशूला ठाऊक आहेत, चार वर्षं एकत्र सराव केलाय, त्याला अडवणं विशूलाच जमेल, असं ह्यांनी सकाळी ठरवलं होतं. मला सांगितलं नव्हतं. मी पायरीवर बसले.

पहिला अर्धा तास मल्लू जागचा फारसा हलला नाही. लोक ओरडत होते, दमला, पिऊन आलाय. मला दिसत होतं की तो उजव्या पायावर भार देत नाही. वळायचं झालं तर डाव्यावर वळतो. एवढ्या हजारो माणसांत ते दुसऱ्या कुणाला कळायचं कारण नव्हतं. मी उठून उभी राहिले, परत बसले. खाली जाऊन कुणाला सांगणार होते?

उत्तरार्धात एक लांब बॉल आला. मल्लूनं तो न बघता छातीवर घेतला. मी ते पहिल्यांदा बघितलं, आणि खरं सांगते, क्षणभर सगळं विसरून मीही बघत राहिले. बॉल खाली आला, त्यानं उजवा पाय रोवला आणि वळला. विशू घसरत आला. त्याचा बूट बॉलला लागला, फक्त बॉलला. बॉल बाहेर गेला. रेफ्रीनं शिट्टीही वाजवली नाही. मल्लूचं अंग वळलं आणि पाय जागीच राहिला.

तो पडला तेव्हा आमच्या पेठेची सगळी बाजू उठून नाचायला लागली. विशूच्या नावानं आरोळ्या. माझ्याशेजारची बाई मला मिठी मारून म्हणाली, "बघा तुमच्या पोरानं कसा लोळवला." स्ट्रेचर येईपर्यंत त्या आरोळ्या थांबल्या नाहीत. विशू मल्लूपाशी गुडघे टेकून बसला होता आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान दाबून धरले होते. हे मैदानाच्या कडेवरून धावत आले. विशूजवळून पुढं गेले आणि मल्लूचं डोकं मांडीवर घेतलं.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यात काही शिल्लक राहिलेलं नाही. त्या काळात अशी ऑपरेशनं इथं होत नव्हती, मुंबईला झालं, आणि अर्धंच यशस्वी झालं. मल्लू परत खेळला नाही. विशूही नाही. आमची टीम फायनलला गेली, ह्यांनी त्याला घ्यायला तालमीतून माणसं पाठवली, तो माडीवरून खाली आला नाही. माणसाचा पाय मोडला मी, म्हणायचा, आणि लोकांनी माझा जयजयकार केला. ह्यांनी त्याला दहा वेळा सांगितलं, तुझी काही चूक नव्हती, बॉललाच लागला पाय. पण मल्लूला मुंबईला नेईपर्यंत रोज शाळा सुटली की ते दवाखान्यात जायचे, आणि विशूला ते जाणंच तेवढं दिसायचं.

जूनमध्ये मल्लू काठी टेकत आमच्या दारात आला. मुंबईहून गडहिंग्लजला जायच्या आधी. हे सोप्यात होते. मल्लूनं विशूला माडीवरून बोलावून घेतलं आणि समोर बसवलं.

"माझा गुडघा तू मोडला नाहीस," तो म्हणाला. "तो आधीच गेला होता. दिवाळीच्या आधी. एका गावात चोरून खेळलो, तिथं. सरावाला येत नव्हतो ते त्याच्यामुळं. पिऊन पडत नव्हतो, मास्तर."

हे ताठ झाले.

"मला का नाही सांगितलंस?" ते म्हणाले. "मी तुला सोडला नसता. वर्षभर बसवून ठेवला असता, पण सोडला नसता. कुणाला तरी बोलला होतास का?"

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात चहाचे कप घेऊन उभी होते. मल्लूच्या अगदी समोर. त्यानं मान वर केली नाही.

"कुणाला नाही," तो म्हणाला. "माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं."

मी कप खाली ठेवले. चहा घे म्हणाले. त्यानं घेतला. मला वाटलं, आता विशू सुटला, आणि तेही या पोरामुळं, माझ्यामुळं नाही. त्या क्षणीसुद्धा मला ते बोचलं.

मल्लू निघाला तसे हे त्याला एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेले. विशू दारात उभा राहून त्या दोघांच्या पाठी बघत होता. मी त्याला म्हणाले, ऐकलंस ना, आता तरी सोड ते मनातून.

"खोटं बोलतोय तो," विशू म्हणाला. "मला बरं वाटावं म्हणून. मोठ्या मनाचा आहे."

"खोटं कशाला बोलेल?"

"आई, तू हाडवैद्याची लेक. कोण कुठल्या पायानं पायरी चढतो हे तू नुसतं बघून सांगतेस. तो रोज तुझ्या हातचं जेवायला इथं येत होता. गुडघा खरंच गेला असता तर तुला कळलं नसतं?"

तो माझ्याकडं वळला. वाट बघत होता. मला वाटतं, मी नाही म्हणावं असंच त्याला हवं होतं. नाही, मला कळलं नव्हतं, चुकलं माझं, एवढं जरी म्हणाले असते तरी त्यानं विश्वास ठेवला असता. पण आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी लोक मला मान देत आले ती माझ्या पोरासमोर खाली ठेवणं मला जमलं नाही, आणि दुसरं जे होतं ते तर मुळीच सांगवलं नाही.

"कळलं असतं," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली आणि जिना चढून वर गेला.